आकाश निरभ्र, तापमान चव्वेचाळीस

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी,

जावयाचा साष्टांग नमस्कार. (गुडघा आखडल्यामुळे तूर्त तो उभ्याउभ्याच मानून घ्यावा. गुडघा कशाने आखडला ते ओघात येईलच.) तुमची प्रकृती उत्तम असणार, हे मी विचारण्याऐवजी सांगूनच टाकतो. हवामान खात्यातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी जो माणूस रोज सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला धाकट्या मुलाच्या ओसरीत टांगलेल्या थर्मामीटरपुढे चष्मा पुसून उभा राहतो, त्याच्याकडे फिरकायचं तर आजारालासुद्धा वेळ ठरवून यावं लागत असेल. सासूबाईंच्या कानाचं कसं आहे? इकडे तुमची लेक खुशाल आहे. जराशी गप्प गप्प असते, पण ते हवेमुळे असावं. या महिन्यात आमच्याकडे जे काही बिघडलं आहे ते सगळं हवेमुळेच बिघडलं आहे, आणि माझ्यामुळे काहीही बिघडलेलं नाही, हे पत्राच्या सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

उन्हाळ्याचा शेवटचा महिना या गावात कसा असतो ते तुम्हाला मी काय सांगायचं? एकतीस वर्षं तुम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या दारापासून टेकाडावरच्या त्या थर्मामीटरच्या पांढऱ्या जाळीदार पेटीपर्यंत एकशेबारा पावलं चालत गेलात आणि एकशेबारा पावलं परत आलात. दाराची कडी हाताला चटका देते, कावळे चोच उघडी टाकून बसतात, आणि घड्याळजी म्हणतो की उन्हाने घड्याळंसुद्धा पुढे पळतात. (तो माझा मित्र आहे, पण हे त्याचं म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. त्याच्याकडून दुरुस्त होऊन आलेली घड्याळं हिवाळ्यातही पुढे पळतात.) चव्वेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, चव्वेचाळीस. अकरा वर्षं मी या महिन्यात दुसरा आकडा लिहिलेला नाही. तुम्ही तुमच्या कारकिर्दीत एकदाच, एका पहाटे, एकोणीस पूर्णांक आठ असा नीचांक लिहिला होता, त्याखाली लाल शाईने रेघ मारली होती आणि तो किस्सा आम्हाला प्रत्येक जेवणात ऐकवला होता. तसं नशीब सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. माझ्या वाट्याला पळसाला पानं तीनच.

आता, मामा, हुशार माणूस जेव्हा अकरा वर्षं एकच आकडा लिहितो तेव्हा त्याच्या डोक्यात काही सुधारणा सुचणं साहजिक आहे. मला ती तीन वर्षांपूर्वी सुचली. मी तिला 'आगाऊ पद्धत' म्हणतो. वर्षातले अकरा महिने मी पेटी उघडून, डोळा आकड्याच्या रेषेत आणून, तुम्ही शिकवलंत तसं श्वास रोखून वाचन घेतो. (श्वासाने पारा चढतो हे तुमचं वाक्य मी विसरलेलो नाही.) फक्त या शेवटच्या महिन्यात मी दर रविवारी बसून पुढच्या सात दिवसांचे आकडे एकदमच भरून टाकतो. रजिस्टरमध्ये भरतो, मुख्य कार्यालयाचं साप्ताहिक कार्ड भरतो, आणि नगरपालिकेच्या हेडक्लार्कसाठी सात चिठ्ठ्या लिहून एका पाकिटात घालून देतो, म्हणजे त्याने रोज एक काढायची आणि फळ्यावर लावायची. एखाद्या दिवशी पंचेचाळीस घालतो, म्हणजे ते खरं वाटतं. तीन वर्षांत एकदाही अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक पडला नाही. मी मधूनमधून पेटी उघडून पडताळा घेत असे आणि पेटीच माझ्याशी सहमत असल्याचं आढळून येत असे. यात फसवणूक कुठे आहे? शेतकरी पेरतो तेव्हा पीक हातात असतं का?

तर या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चव्वेचाळीस चाललेलं होतं. आठ तारखेला रविवारी मी शिरस्त्याप्रमाणे सात दिवस भरले, कार्ड पोस्टात टाकलं, हेडक्लार्कला पाकीट दिलं आणि एका अत्यावश्यक कामासाठी नावेने नदीपलीकडच्या शहरात गेलो. (काम कोणतं ते खाली सांगतो. इथे त्याने विषयांतर होईल.) बुधवारी परतायचं होतं. घरून निघताना तुमच्या लेकीने एवढंच विचारलं की वाचनाचं काय. मी म्हटलं, काळजी करू नकोस, सगळं करून ठेवलंय. त्यावर ती रजिस्टर उघडून बराच वेळ पाहत राहिली. माझ्या कामाच्या उरकाचं तिला नेहमीच नवल वाटत आलं आहे.

आणि त्याच संध्याकाळी, मामा, वळवाने जो घाला घातला! मी पलीकडच्या काठावरून पाहत होतो. आधी तांबडी धूळ उठली, मग एवढा वारा सुटला की धक्क्यावरच्या चहावाल्याचं छप्पर उठून नदीत गेलं आणि चहावाला खाली किटली धरून तसाच उभा. मग गारा. मग पाऊस. आपल्याकडचा पाऊस कसा, तापल्या तव्यावर थेंब पडावा तसा येतो आणि वाफ होऊन जातो. हा गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वादळ, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि मधल्या वेळात असा गार, ओला वारा की मी खानावळीच्या खोलीत खिडकीचा पडदा काढून अंगावर घेतला. बुधवारी नाव बंद. गुरुवारी नाव बंद. नावाड्याला मी माझं पद सांगितलं, हवामानाचा माणूस आहे म्हणून सांगितलं, तर तो म्हणाला, मग हे काय करून ठेवलंत साहेब? शनिवारी उशिरा दुपारी मी एकदाचा गावात पोहोचलो.

गावात मी काय पाहिलं ते नीट बसून वाचा. नगरपालिकेच्या दारात छत्र्या घेऊन पंधरा-वीस माणसं फळा वाचत उभी होती. फळ्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'कमाल तापमान चव्वेचाळीस. आकाश निरभ्र. उन्हात फिरू नये.' हेडक्लार्कची खुर्ची खिडकीकडे पाठ करून आहे आणि गेली वीस वर्षं त्याने ती वळवलेली नाही. तो रोज पाकिटातून एक चिठ्ठी काढून प्रामाणिकपणे लावत होता. तुम्हाला नियम माहीतच आहे, तुमच्याच सल्ल्याने झालेला आहे: सलग तीन दिवस त्रेचाळीसच्या वर गेलं की शाळा बंद ठेवायची आणि रस्त्यांवर पाणी मारायचं. तर शाळा बंद होती. पोरं डोक्यावरून चादरी घेऊन, नाकं गळत, उष्णतेची सुट्टी साजरी करत होती. आणि मुख्य रस्त्यावरून, धो धो पावसात, नगरपालिकेची पाण्याची टाकी रस्त्यावर पाणी मारत चालली होती. टाकीवाल्याने अंगात रेनकोट घातला होता. त्याला मी विचारलं की हे काय, तर म्हणाला, हुकूम आहे. मामा, इतकी वर्षं मला वाटायचं या गावात माझ्या आकड्यांना कुणी विचारत नाही. त्या क्षणी मला, खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानच वाटला.

पण अभिमानाला वेळ नव्हता. मी चहालाही न थांबता तडक टेकाडावर धावलो. (एकशेबारा पावलांपैकी अठ्ठ्याण्णवाव्या पावलावर चिखलात घसरलो, तोच हा गुडघा.) माझा हिशेब शास्त्रशुद्ध होता. नीचांकाच्या थर्मामीटरमधली ती काळी टाचणी आपण खाली-वर करून लावेपर्यंत सर्वांत कमी आकड्याशीच अडकून राहते, म्हणजे निदान आठवड्याचा नीचांक तरी हाती लागणार. पर्जन्यमापकात आठवड्याचं पाणी साठलेलं असणार. पण पेटी उघडून पाहतो तो काय! टाचणी अगदी सामान्य बावीसवर, जणू कुणी आज सकाळीच लावली आहे. पर्जन्यमापक जवळपास रिकामा. ओल्या थर्मामीटरखालच्या वाटीत स्वच्छ पाणी, ते शोषणारी कापडी वातही नवी. मी चक्रावलो, पण विचार केल्यावर उलगडा झाला. वादळाच्या हादऱ्यांनी टाचणी सरकली. पर्जन्यमापक वाऱ्याने उलटा पडला, पाणी सांडलं आणि पुढच्या झोताने तो पुन्हा सरळ उभा राहिला. वाटीत पावसाचं पाणी गेलं. वात धुऊन निघाली. माणसाजवळ थोडं शास्त्र असलं की कोडी आपोआप सुटतात.

घरात विचारावं म्हटलं, तर तुमच्या लेकीकडून काडीचीही मदत झाली नाही. थंडी किती होती? तर म्हणे बरीच होती. पाऊस किती झाला? तर म्हणे झाला की. हवामान निरीक्षकाची मुलगी, हवामान निरीक्षकाची बायको, आणि नेमकी माहिती द्यायची अजिबात सवय नाही! शिवाय तिला या हवेत एक विचित्र खोड लागली आहे. तुमचा तो जुना लोकरी कोट, जो अकरा वर्षं दारामागच्या खिळ्याला टांगलेला होता, तो मी परत आलो तेव्हा ओलाचिंब होता. विचारलं तर म्हणाली, दोरीवरचे कपडे बघायला गेले होते. मी म्हटलं, अगं, आठ दिवस पाऊस पडतोय, दोरीवर कपडे आहेत कुठे? त्यावर ती हसली. तिला सर्दी होईल अशी मला खरोखर काळजी वाटते, म्हणून तुम्ही दोन शब्द लिहावेत.

तेव्हापासून आज सव्वीस तारखेपर्यंत हवा बदललेली नाही. सत्तावीस, अठ्ठावीस, एखाद्या दिवशी तीस, आणि एक दिवसाआड वादळ. मी आता स्वतः दिवसातून दोनदा नव्हे, चारदा पेटी उघडतो. आगाऊ पद्धत मी तात्पुरती स्थगित केली आहे. बाकी सगळं सुरळीत असताना परवा मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. आजूबाजूच्या सहाही केंद्रांनी नऊ ते चौदा तारखेपर्यंत वादळ, गारा आणि पंचवीस-सव्वीस अंश कळवले असताना आपल्याच केंद्रावर चव्वेचाळीस अंश आणि निरभ्र आकाश कसं, याचा खुलासा समक्ष घेण्यासाठी दोन तारखेला तपासनीस येत आहेत, रजिस्टर तयार ठेवावं. उंटावरून शेळ्या हाकणारी ही माणसं! सहा केंद्रं चुकली असतील असा विचार एकाच्याही मनात येऊ नये?

यावर मी पुष्कळ विचार करून एक भूमिका घेतली आहे. आपलं टेकाड खडकाळ आहे. खडक उष्णता धरून ठेवतो. खाली गावात पाऊस पडत असताना वर टेकाडापुरती हवा तापलेली आणि आकाश मोकळं राहणं अगदीच अशक्य आहे असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकेल का? तुम्ही एकतीस वर्षं तिथे काढली आहेत. तुमचा शब्द मुख्य कार्यालयात आजही प्रमाण मानतात. तेव्हा 'या टेकाडाला अंगभूत उष्णता असून माझ्या कारकिर्दीतही असा अनुभव आलेला आहे' अशा दोन ओळी तुमच्या हस्ताक्षरात लिहून पाठवाव्यात. बाकी मी समर्थ आहे. सासूबाईंना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक जावई

ता. क. नदीपलीकडचं अत्यावश्यक काम म्हणजे बुद्धिबळाची स्पर्धा होती. घड्याळजीने माझंही नाव घातलं होतं, त्याचं मन मोडता येईना. पहिल्याच फेरीत एका दंतवैद्याने मला एकोणीस चालींत हरवलं. मंगळवारी सकाळी नाव चालू होती आणि मी परत येऊ शकलो असतो, पण घड्याळजीचा डाव रंगला होता म्हणून थांबलो. हे तपासनिसांना सांगण्याची गरज नाही.

ता. क. दुसरा. वरचं पत्र काल संध्याकाळी लिहिलं. आज सकाळी साडेआठला पेटी उघडली तेव्हा तुमचा आवाज कानात आला. किल्ली हातात देताना तुम्ही म्हणाला होतात, 'जावईबापू, पेटी खोटं बोलत नाही, तुम्हीही तिच्याशी बोलू नका.' तेव्हा त्या दोन ओळी लिहू नका. तुम्ही लिहिणार नाहीतच हे मला माहीत होतं. एकदा विचारून पाहिलं. माझी खरी विनंती अशी, की तुमच्या ओसरीवरचे नऊ ते चौदा तारखेचे आकडे उलट टपाली पाठवावेत. तुमचं गाव तीस मैलांवर आहे, वादळ तिथेही झालंच असणार. त्यात टेकाडाची उंची वजा करून मी आपले आकडे काढीन. हे अगदीच खोटं म्हणता येणार नाही. नोकरी जाईल याची भीती वाटते, हे आता लपवत नाही. पण तुमच्या एकतीस आणि माझ्या अकरा वर्षांच्या ओळीत सहा दिवसांचं भोक पडलं, तेही माझ्या हाताने, त्याची भीती जास्त वाटते.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. अकरा वर्षं मी ती पेटी उघडली आणि तिने मला तेच ते सांगितलं. ज्या आठवड्यात तिच्याजवळ नवीन काही सांगायला होतं, त्या आठवड्यात मी दंतवैद्यासमोर बसलो होतो. तुमच्या एकोणीस पूर्णांक आठच्या जवळपास तरी काही गेलं असेल का हो? ते आता कुणालाच कळणार नाही. फार वाईट वाटतं, मामा. हे फक्त तुम्हाला लिहितो आहे, तुमच्या लेकीला माझ्यातर्फे काही कळवू नये. पत्र टाकायला तिच्याच हाती देतो आहे, पाकीट चिकटवलेलं आहे.

(पाकिटाच्या आतल्या बाजूला, वेगळ्या अक्षरात)

बाबा, पाकीट वाफेवर धरलं की सुटतं, हे तुम्हीच शिकवलंत.

तुमच्या ओसरीवरचे आकडे पाठवू नका. आपले आहेत. सहाही दिवसांचे, सकाळ-संध्याकाळचे, कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेत. ते निघाले तेव्हा रजिस्टर पाहिलं तर शनिवारपर्यंत चव्वेचाळीस भरलेलं. मला हसावं की रडावं कळेना. मग गारा थांबल्यावर तुमचा कोट घातला आणि वर गेले. लहानपणी तुम्ही मला कडेवर घेऊन पेटीत डोकवायला लावायचात, तेव्हापासून साडेआठ वाजले की पाय तिकडेच वळतात. पर्जन्यमापक रोज मोजून रिकामा केला, टाचणी रोज लावली, वात बदलली. हे महाशय म्हणतात वाऱ्याने झालं.

बुधवारी पहाटेचा नीचांक सोळा पूर्णांक चार. तीनदा पाहिला, श्वास रोखून. बाबा, तुमचा एकोणीस-आठ मोडला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून दोन आठवडे लिहिलं नव्हतं.

ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही. रजिस्टरमध्ये त्या सहा दिवसांवर काट मारून 'वाचन घेतलेलं नाही' असं स्वतःच्या हाताने लिहितील, त्या दिवशी कॅलेंडर पुढ्यात ठेवणार आहे. आज सकाळपासून लाल शाई शोधतायत, म्हणजे लिहितील असं वाटतं. माणूस वाईट नाही. आल्या आल्या चहा न घेता वर धावला, ते मी खिडकीतून पाहिलं. पडला तेही पाहिलं.

एकच अडचण आहे. कॅलेंडरवरचे आकडे रजिस्टरमध्ये उतरवायचे तर शेवटच्या रकान्यात 'वाचन घेणाऱ्याची सही' लागते. किल्ली तुम्ही त्यांना दिली होतीत, मला नाही. तेव्हा त्या सहा ओळींपुढे सही कुणाची करायची, तेवढं दोन तारखेच्या आत कळवा. उत्तराच्या पाकिटावर नाव माझं घाला.